शक्ती कुठली अलग करायची?

नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीचा प्रश्न आहे. पॉवर, फोर्स, स्ट्रेंथ, माइट, ऑथॉरिटी, एनर्जी, इन्फ्लुएन्स हे सगळे शब्द तिनं शब्दकोशात पाहिले. निम्म्यांपुढे ‘शक्ती’ लिहिलंय, उरलेल्यांपुढे ‘सत्ता, अधिकार, बळ’. मग कुठे कोणता वापरायचा आणि हे सगळं पाठ कसं करायचं, असं ती विचारते. सोबत तिनं आपल्या निबंधातली तीन वाक्यं तपासायला दिली आहेत:

द कलेक्टर हॅज स्ट्रेंथ टू कॅन्सल द लायसन्स.
शी गॉट ॲडमिशन बाय द पॉवर ऑफ हर मार्क्स.
ॲज लॉर्ड ॲक्टन सेड, पॉवर करप्ट्स, सो ऑल लीडर्स आर करप्ट.

तिन्ही चुकली आहेत, पण प्रत्येकाची चूक वेगळी आहे. त्यांच्याकडे शेवटी येतो.

मी सत्तावीस वर्षं पुण्यात इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करतो. अर्धं काम शिवाजीनगर कोर्टाच्या आसपासच्या वकिलांचं, अर्धं भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांच्या मॅन्युअलचं. ‘पॉवर’ दोन्हीकडे भेटतो आणि दोन्हीकडे त्याचा चेहरा वेगळा असतो. पहिला सल्ला असा की पाठ करू नका. पाठ करून माझी काय फजिती झाली ते ऐका.

धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. भोसरीतल्या एका कारखान्यात बाहेरून आलेल्या प्रेसचं मॅन्युअल मराठीत करायचं होतं. त्यात ठळक अक्षरात सूचना होती, ‘आयसोलेट द पॉवर बिफोर ओपनिंग द पॅनेल.’ मी शाळेत पॉवर म्हणजे शक्ती शिकलेला. लिहून दिलं: ‘पॅनेल उघडण्यापूर्वी शक्ती अलग करा.’ त्यांनी ते छापलं, लॅमिनेट केलं आणि मशिनवर डकवलं. आठवड्याभरानं पैसे घ्यायला गेलो तर तिथला फिटर मला मशिनपाशी घेऊन गेला. पन्नाशीचा माणूस, हातात कॉटन वेस्टचा बोळा. पाटीवर बोट ठेवून म्हणाला, “साहेब, शक्ती कुठली अलग करायची? मारुतीरायाची?” मागे दोघं-तिघं हसले. मी विचारलं, तुम्ही काय म्हणाल? तो म्हणाला, “मेन बंद करा, कुलूप लावा, चावी खिशात घाला, मग पॅनेल उघडा. एवढंच तर आहे.” तेच लिहून दिलं. पैसे त्या दिवशी मागितले नाहीत.

त्या दिवसापासून एक सवय लागली. वाक्यात पॉवर दिसला की शब्दकोश उघडायच्या आधी विचारतो, हेच आपला माणूस कोणत्या शब्दात बोलेल? गंमत अशी की दहातल्या नऊ वेळा त्या वाक्यात ‘शक्ती’ येतच नाही. गुरुवारी पुण्यात देखभालीसाठी पॉवर जाते तेव्हा आपण ‘लाइट गेली’ म्हणतो. चष्म्याची पॉवर वाढली की ‘नंबर वाढला’. गणितात टू टू द पॉवर ऑफ थ्री म्हणजे दोनाचा तिसरा घात. वकिलाकडची पॉवर ऑफ ॲटर्नी म्हणजे कुलमुखत्यारपत्र. पक्ष पॉवरमध्ये आला म्हणजे सत्तेवर आला. ‘इट इज नॉट इन माय पॉवर’ म्हणजे ‘माझ्या हातात नाही हो.’ इंग्रजीत एका शब्दावर भागतं, मराठीला सहा-सात लागतात. म्हणजे गरीब आपण नाही, तरी घाबरतो आपणच.

एका शब्दावर इतकं ओझं का पडलं, हे त्याच्या जन्मात दिसतं. पॉवर आला फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये गेला लॅटिनच्या ‘पोसे’ या क्रियापदातून. पोसे म्हणजे करता येणे, शकणे. पॉसिबल, पोटेन्शियल, पोटेंट हे सगळे त्याच घरचे. आता आपल्या ‘शक्ती’कडे बघा. तीही ‘शक्’ धातूतून आली, आपण रोज म्हणतो त्या ‘शकणे’चीच बहीण. आणि जुन्या इंग्रजीतला ‘माइट’ हा ‘मे’ या क्रियापदाचा सख्खा. तीन भाषा आणि तिन्हीकडे बळाची कल्पना एकाच ठिकाणाहून निघालेली: ज्याला करता येतं, त्याच्याकडे ते आहे. त्यामुळे शब्दकोशानं पॉवरपुढे शक्ती लिहिलं ते मुळात चूक नाही. फक्त मुळावरून वाक्य लिहिता येत नाही.

माइट आता एकटा फारसा दिसत नाही. ‘विथ ऑल हिज माइट’ म्हणजे होती नव्हती ती ताकद लावून, आणि ‘माइट इज राइट’ म्हणजे बळी तो कान पिळी. एवढं पुरे, पुढे जाऊ.

आता कामाची गोष्ट. हे शब्द वेगळे करायला मी एकच प्रश्न विचारतो: ती ताकद राहते कुठे?

आत राहत असेल तर स्ट्रेंथ. विहिरीवरचा दोर घ्या. घागर बांधलेली नसताना, नुसता खुंटीला टांगलेला असतानाही त्या दोराला स्ट्रेंथ असते. त्याला पॉवर नसते, कारण तो स्वतः काहीच करत नाही, फक्त सोसतो. भिंत, हाड, काँक्रीट, माणसाचा स्वभाव या सगळ्यांची स्ट्रेंथ. म्हणून मुलाखतीत ‘व्हॉट आर युअर स्ट्रेंग्थ्स’ विचारतात. तिथे ‘माय पॉवर इज हार्ड वर्क’ म्हणणारे उमेदवार दर वर्षी भेटतात. शिवाय तिथे स्ट्रेंथ अनेकवचनी आहे हे विसरू नका, उत्तरात दोन-तीन गोष्टी अपेक्षित असतात.

याच शब्दाचा एक उपयोग आपल्याकडे शाळा-कॉलेजात फार चालतो. ‘क्लासची स्ट्रेंथ साठ आहे.’ हे चूक नाही, सैन्यातही तुकडीच्या संख्येला स्ट्रेंथच म्हणतात. मराठीत त्याला साधा, नेमका शब्द आहे: पट. पटसंख्या कमी झाली की शाळा बंद पडते, त्यात शक्तीचा काही संबंध नाही.

विशेषणांतही हाच घोळ. स्ट्रॉन्ग आणि पॉवरफुल दोन्ही बलवान, पण चहा स्ट्रॉन्ग आणि इंजिन पॉवरफुल. उलट करून बघा, इंग्रजी कान लगेच टवकारतो. कुठल्याही अमृततुल्यात आपण ‘कडक’ मागतो, ‘शक्तिशाली चहा द्या’ म्हणत नाही, तसंच हे. कडक हा स्ट्रॉन्गचा जवळपास जुळा भाऊ आहे. औषधाला मात्र पोटेंट जास्त शोभतो, आणि त्यासाठी आपल्याकडे जो शब्द आहे त्याला तोड नाही: जालीम.

ताकद कुणावर तरी पडत असेल तर फोर्स. त्याच दोराला घागर लावून ओढा, ओढ हा फोर्स. ओढणं थांबलं की तो संपला, दोराची स्ट्रेंथ मात्र शिल्लक. शाळेच्या विज्ञानात याला बल म्हणतात आणि तिथे तो शब्द पक्का आहे. भौतिकशास्त्रात फोर्सला शक्ती लिहिलंत तर गुण जातील, कारण शक्ती तिथे पॉवरसाठी राखलेली आहे. बोलीभाषेत फोर्स म्हणजे जोर, सक्ती, जबरदस्ती, बळजबरी. कायद्याच्या कागदात मात्र तो अचानक सभ्य होतो. ‘द रूल इज इन फोर्स’ म्हणजे नियम अंमलात आहे. एन्फोर्समेंट म्हणजे अंमलबजावणी. नवशिके भाषांतरकार इथे ‘नियम जोरात आहे’ असं लिहून मोकळे होतात. एकदा माझ्या टेबलावर खरोखर आलंय तसं.

अंमल शब्द निघालाच आहे तर जरा थांबतो, कारण मला तो फार आवडतो. तो अरबीतून आला. राज्य करणं हा त्याचा आपल्याकडचा एक अर्थ, ‘पेशव्यांचा अंमल’ म्हणतो तो. आणि दुसरा अर्थ नशा. ‘मद्याच्या अमलाखाली गाडी चालवणे’ हे रोजच्या बातमीतलं वाक्य. इंग्रजीत त्याला काय म्हणतात? ड्रायव्हिंग अंडर द इन्फ्लुएन्स. दोन्ही भाषांना दारू ही माणसावर राज्य करणारी चीज वाटली, आणि दोघांनी आपापल्या सत्तेच्या शब्दसंग्रहातूनच तिला शब्द दिला. असं काही सापडलं की त्या दिवशीचा कंटाळा जातो.

ताकद दुसऱ्या कुणी दिलेली असेल तर ऑथॉरिटी. तुमच्या पहिल्या वाक्यातली खरी गरज ही. कलेक्टर कितीही कृश असला तरी परवाना रद्द करू शकतो, कारण कायद्यानं त्याला तो अधिकार दिलाय. बदली झाली की ते अधिकार खुर्चीपाशीच राहतात, तो फक्त आपली बॅग घेऊन जातो.

पण ‘अधिकार’ शब्दच मराठीत तीन जागी उभा असतो, आणि परीक्षेत पोरं घसरतात ती इथे. नागरिकाचा अधिकार म्हणजे राइट. पदाचा अधिकार म्हणजे ऑथॉरिटी. आणि त्या पदानं नेमकी काय काय कृती करायची, त्या एकेका मुभेला पॉवर, बहुधा अनेकवचनात: पॉवर्स ऑफ अरेस्ट, पॉवर्स ऑफ सर्च. तिन्ही एकाच कायद्यात बघायचे असतील तर 2005 चा माहिती अधिकार कायदा उघडा. नावात राइट आहे, तो तुमचा-माझा. ज्या कार्यालयाकडे अर्ज करायचा ती पब्लिक ऑथॉरिटी, मराठी मजकुरात ‘सार्वजनिक प्राधिकरण’. आणि चौकशी करताना माहिती आयोगाला साक्षीदार बोलावण्यासारख्या बाबतीत दिवाणी न्यायालयाचे जे अधिकार मिळतात, ते पॉवर्स. राइट, ऑथॉरिटी, पॉवर्स हे तीन शब्द एका दुपारी त्या कायद्याच्या इंग्रजी आणि मराठी प्रती शेजारी ठेवून वाचा. पन्नास शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा जास्त पदरात पडेल, आणि तुमच्या अभ्यासक्रमातला कायदाही होऊन जाईल.

प्राधिकरणावरून आठवलं. पुण्याजवळ निगडीला लोक सरळ म्हणतात, ‘आम्ही प्राधिकरणात राहतो.’ 1972 मध्ये पिंपरी-चिंचवडसाठी नवनगर विकास प्राधिकरण झालं, त्यानं वसवलेल्या भागालाच ते नाव चिकटलं. माझ्याकडे एका मुलाच्या व्हिसाच्या अर्जाचं काम होतं, त्यानं पत्त्याच्या रकान्यात स्वतःच भाषांतर करून ‘आय लिव्ह इन ऑथॉरिटी’ लिहिलं होतं. विशेषनामाचं भाषांतर करायचं नसतं, हे सांगायला तो दिवस बरा होता.

ऑथॉरिटीचा आणखी एक अर्थ आहे आणि तिथे मराठी हुबेहूब जुळते. ‘ही इज ॲन ऑथॉरिटी ऑन द महाभारत’ म्हणजे महाभारतातला अधिकारी माणूस. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे मुख्य संपादक वि. स. सुखटणकर हे असे अधिकारी. त्यांना कुणी हुकूम सोडायचा परवाना दिला नव्हता, पण त्यांचं म्हणणं डावलता येत नसे. ‘अधिकारवाणी’ या शब्दात नेमकं हेच आहे. फक्त शब्दयोगी अव्यय सांभाळा: विषयावरचा अधिकारी असेल तर ऑन, माणसांवरचा अधिकार असेल तर ओव्हर.

हुकूम न सोडता काम होत असेल तर इन्फ्लुएन्स. याचा मूळ अर्थ आत वाहणे. जुन्या युरोपात समजूत होती की ताऱ्यांपासून काहीतरी अदृश्य वाहत येतं आणि माणसाच्या नशिबात शिरतं. ते इन्फ्लुएन्स. आपला ‘ग्रहाचा प्रभाव’ आणि हा शब्द एकाच समजुतीतले, म्हणजे पत्रिका दाखवायला जाणाऱ्याला हा शब्द शिकवायला नको. त्याचाच इटालियन अवतार इन्फ्लुएन्झा, कारण तापाची साथही ग्रहांमुळे येते असं मानत. आजचे रीलवाले इन्फ्लुएन्सर ग्रहांच्या कोणत्या घरात बसतात ते मला विचारू नका.

इन्फ्लुएन्स सभ्य शब्द आहे. राजकारणात, हाउसिंग सोसायटीत, नगरसेवकाच्या कार्यालयात जे चालतं त्याला क्लाउट. जुन्या इंग्रजीत क्लाउट म्हणजे कापडाचा तुकडा, मग गुद्दा, आणि विसाव्या शतकात अमेरिकेत, विशेषतः शिकागोच्या राजकारणात, वट. होय, ‘वट’च. ‘त्याची वट आहे’ याला ‘ही हॅज क्लाउट’ इतका चपखल शब्द दुसरा सापडायचा नाही. वशिला मात्र वेगळा. वट स्वतःची असते, वशिला दुसऱ्याच्या वटेचा घेतलेला. त्यासाठी बोलीइंग्रजीत पुल किंवा कनेक्शन्स. आणि ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’ हे तर जसंच्या तसं ‘हिज वर्ड कॅरीज वेट’. मात्र तेच वजन कुणी उगाच इकडेतिकडे फेकत सुटला तर ‘थ्रोइंग हिज वेट अराउंड’, म्हणजे आपण म्हणतो तो ‘पॉवर दाखवतोय’. बघा, मराठी माणसानं पॉवर शब्द घेतला आणि त्याला माजाचा अर्थ दिला. त्या अर्थानं तो इंग्रजीत परत नेऊ नका, ‘ही इज शोइंग पॉवर’ कुणाला कळणार नाही.

वरून आदेश देणारी जी मंडळी असतात, ज्यांची नावं घ्यायची नसतात, त्यांना ‘द पॉवर्स दॅट बी’ म्हणतात. ‘वरून आलंय’ मधले वरचे. तिथला ‘बी’ व्याकरणाची चूक नाही. टिंडलच्या 1526 च्या बायबल भाषांतरातली ती जुनी रचना आहे, बदलायची नाही.

राहिली एनर्जी. इथे इंग्रजी शब्दांइतकंच विज्ञान आडवं येतं. एनर्जी म्हणजे काम करण्याची पुंजी, पॉवर म्हणजे ती खर्च होण्याचा वेग. तुम्ही आणि तुमची मैत्रीण दोघी पर्वती चढलात, वजन सारखं. एक पाच मिनिटांत वर, दुसरी दहा मिनिटांत, वाटेत सेल्फी काढत. काम दोघींनी सारखंच केलं, पॉवर पहिलीची दुप्पट. विजेच्या बिलावर जे युनिट मोजतात ते एनर्जीचं: दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट झालं. वॅट ही पॉवर, युनिट ही एनर्जी. म्हणून ‘पॉवर वाचवा’ हे चालवून घेतात, पण तुम्ही वाचवता ती एनर्जी असते. अश्वशक्तीचा हिशेब जेम्स वॅटनं वाफेची इंजिनं विकताना घोड्यांशी तुलना करता यावी म्हणून मांडला. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, म्हणून शेतातला पाच एचपीचा पंप साधारण 3.7 किलोवॅटचा. हे आकडे सामान्य विज्ञानात विचारतात, लक्षात असू द्या.

एकच शब्द दोन अर्थांनी समोरासमोर उभा राहिलेला बघायचा तर पुण्याच्या जवळच उदाहरण आहे. मुळशीला टाटांचं धरण झालं ते पॉवरसाठी, म्हणजे मुंबईच्या विजेसाठी. आणि 1921 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो पॉवरविरुद्धच, म्हणजे जमीन घेणाऱ्या भांडवलाच्या आणि सरकारच्या सत्तेविरुद्ध. इंग्रजीत हे लिहिताना मला एका परिच्छेदात चार वेळा पॉवर आला आणि दोनदा तो इलेक्ट्रिसिटी करावा लागला, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ. मराठीत वीज आणि सत्ता, काही अडलं नाही.

शेवटचं, क्रियापदं. नाम बरोबर आलं तरी सोबतचं क्रियापद चुकलं की वाक्य परकं वाटतं. सत्तेवर येणे, कम टू पॉवर, आणि मध्ये ‘द’ नाही. सूत्रं हाती घेणे, अज्यूम. बळकावणे, सीझ. अधिकार वापरणे, एक्सरसाइज, यूज नव्हे. सत्ता गाजवणे, वील्ड. मोकळीक देणे, गिव्ह फ्री रेन, आणि तिथलं रेन हे घोड्याच्या लगामाचं आहे. राज्य करण्याच्या रेनचं स्पेलिंग लिहिलंत तर तपासणारा खूश होऊन गुण कापतो.

आता तुमची वाक्यं. पहिलं: ‘द कलेक्टर हॅज द ऑथॉरिटी टू कॅन्सल द लायसन्स.’ ‘द पॉवर’ही चालेल, स्ट्रेंथ मात्र नाही.

दुसऱ्यात तुमच्या मनात मराठी वाक्य होतं, ‘मार्कांच्या जोरावर’. त्याला इंग्रजीत तयार रचना आहे: ‘शी गॉट ॲडमिशन ऑन द स्ट्रेंथ ऑफ हर मार्क्स.’ पहिल्या वाक्यात स्ट्रेंथ नको तिथे घातली आणि इथे हवी तिथे काढली, म्हणजे शब्दांची नुसती अदलाबदल झाली होती. मार्कांऐवजी मेहनत असती, ‘कष्टाच्या बळावर’, तर बाय डिंट ऑफ हार्ड वर्क. डिंट म्हणजे पूर्वी घाव, टाकीच्या घावांनी दगड फोडावा तसं.

तिसऱ्यात शब्द बरोबर आहे, माणूसही बरोबर आहे, गाळलेला शब्द महत्त्वाचा. ॲक्टननं 1887 च्या पत्रात लिहिलं ते असं: ‘पॉवर टेंड्स टू करप्ट, अँड ॲब्सोल्यूट पॉवर करप्ट्स ॲब्सोल्यूटली.’ सत्तेचा कल बिघडवण्याकडे असतो, एवढंच पहिल्या भागात आहे. ‘टेंड्स’ गाळला की तुमचं ‘सो ऑल लीडर्स आर करप्ट’ त्यातून निघतं, ठेवला की निघत नाही. ‘सो’पासून पुढचं वाक्य खोडा आणि त्या जागी एखाद्या नेत्याचं खरं उदाहरण लिहा, दोन्ही बाजूंचं मिळालं तर उत्तम.